१२१ मॅच हरलेल्या टीममध्ये जागा मिळवायलाही एवढी मारामारी का होते?

२७ सप्टेंबर २०२४. डेट्रॉइटच्या मैदानावर शिकागो व्हाइट सॉक्स ही बेसबॉल टीम सीझनमधली १२१वी मॅच हरली. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे एमएलबीमध्ये, प्रत्येक टीम सीझनला १६२ मॅच खेळते. व्हाइट सॉक्सने त्यातल्या जिंकल्या फक्त ४१. १९६२ साली न्यूयॉर्क मेट्सने १२० मॅच हरून केलेला नकोसा विक्रम ६२ वर्षं टिकला होता, तो यांनी मोडला. मधल्या काळात तर ओळीने २१ मॅच हरल्या.

आता कुणालाही वाटेल, इतक्या गाळात रुतलेल्या टीममध्ये जागा मिळवायला काय लागतं? बॅट धरता आली की झालं!

पण पाच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, याच टीमचा कॅम्प ॲरिझोना राज्यातल्या ग्लेंडेलला सुरू झाला तेव्हा तिथे जागेसाठी जोरदार चुरस होती. चांगल्या टीममध्ये बहुतेक नावं आधीच ठरलेली असतात, भांडण असतं ते शेवटच्या दोन-चार जागांचं. इथे शॉर्टस्टॉप कोण, कॅचर कोण, मुख्य पिचर कोण, सगळंच मोकळं होतं. आणि विशेष म्हणजे यातल्या बऱ्याच जागांचा निकाल कोण किती चांगलं खेळलं यावर लागला नाही. तो लागला करारातल्या अटींवर आणि लीगच्या नियमांवर.

आधी हा कॅम्प समजून घेऊ

एमएलबीचा सीझन मार्चच्या शेवटी सुरू होतो. त्याआधी फेब्रुवारीच्या मध्यापासून सगळ्या ३० टीम उबदार हवेच्या राज्यांत जाऊन सराव करतात. १५ टीम फ्लोरिडात, १५ ॲरिझोनात. यालाच स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. फ्लोरिडातल्या सराव सामन्यांना ग्रेपफ्रूट लीग आणि ॲरिझोनातल्यांना कॅक्टस लीग असं मजेशीर नाव आहे. या मॅचचे पॉइंट कुठेच धरले जात नाहीत.

कॅम्पमध्ये साधारण साठेक खेळाडू येतात आणि ओपनिंग डेला, म्हणजे सीझनच्या पहिल्या मॅचला, मेजर लीगच्या यादीत उरतात फक्त २६. त्यात जास्तीत जास्त १३ पिचर. बाकीचे बहुतेक माइनर लीगमध्ये जातात. माइनर लीग ही बेसबॉलची खालची उतरंड. त्यातली सगळ्यात वरची पायरी म्हणजे ट्रिपल-ए. व्हाइट सॉक्सची ट्रिपल-ए टीम शार्लट शहरात आहे. आपल्याकडे रणजी खेळणारा खेळाडू भारतीय टीमच्या दारात उभा असतो, तसंच काहीसं. फरक एवढाच की इथे दोन्ही टीममधले खेळाडू एकाच मेजर लीग क्लबच्या हाताखाली असतात आणि खेळाडूला आज वर, उद्या खाली करता येतं.

२६ च्या यादीमागे अजून एक यादी असते, ४० जणांची. मेजर लीगची मॅच खेळायची तर या ४० मध्ये नाव असावंच लागतं. कॅम्पमध्ये आलेले बाकीचे या ४० च्या बाहेरचे असतात, त्यांना ‘नॉन-रोस्टर इन्व्हायटी’ म्हणतात. ‘या, खेळून दाखवा, बघू’ एवढ्यावर आलेली ही मंडळी. यात विशीतली नवखी पोरं असतात आणि कारकीर्द उतरणीला लागलेले पस्तिशीतले अनुभवीही असतात.

दोन लॉकर रूममधलं अंतर

पैशांचा हिशोब बघितला की ही धडपड लगेच कळते. २०२५ मध्ये एमएलबीतल्या खेळाडूचा किमान पगार होता वर्षाला ७,६०,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेसहा कोटी रुपये. हा पगार दिवसाच्या हिशोबाने मिळतो. जितके दिवस मेजर लीगमध्ये, तितक्या दिवसांचे, रोजचे अंदाजे चार हजार डॉलर. उलट ट्रिपल-एमध्ये २०२३ च्या करारानुसार किमान पगार ठरला वर्षाला ३५,८०० डॉलर. म्हणजे वरच्या टीममध्ये नऊ-दहा दिवस काढले तरी खालच्या वर्षभराच्या किमान पगाराइतके पैसे हातात येतात.

पैशांशिवाय दिवसही मोजले जातात. मेजर लीगमध्ये ४३ दिवस भरले की पेन्शनचा किमान हक्क मिळतो. त्यामुळे ‘शेवटच्या जागेवर का होईना, पण आत घ्या’ या विनवणीमागे अख्ख्या कुटुंबाचं गणित असतं.

आणि कॅम्पच्या सहा आठवड्यांत? मेजर लीगच्या खेळाडूला तेव्हा पगार मिळत नाही, भत्ता मिळतो. या भत्त्याला ‘मर्फी मनी’ म्हणतात. १९४६ मध्ये रॉबर्ट मर्फी नावाच्या वकिलाने खेळाडूंची युनियन काढायचा प्रयत्न केला. युनियन उभी राहिली नाही, पण घाबरलेल्या मालकांनी कॅम्पचा भत्ता कबूल केला आणि मर्फीचं नाव त्याला कायमचं चिकटलं. माइनर लीगवाल्यांना तर कॅम्पचे पैसे मिळावेत यासाठी कोर्टापर्यंत जावं लागलं. नियमितपणे ते मिळायला लागले २०२३ च्या करारानंतर.

रीबिल्ड म्हणजे मुद्दाम हरणं का?

अगदी तसं नाही, पण फार लांबही नाही. रीबिल्डमध्ये टीम आजचे चांगले खेळाडू विकते आणि बदल्यात इतर टीमचे तरुण, अजून न पिकलेले खेळाडू घेते. तीन-चार वर्षांनी ही पोरं एकदम तयार होतील, असा हिशोब असतो. तोवर मार खायचा.

व्हाइट सॉक्स २०२१ मध्ये ९३ मॅच जिंकून प्लेऑफमध्ये गेली होती. मग घसरण लागली आणि २०२३ मध्ये १०१ मॅच हरली. त्याच वर्षी जनरल मॅनेजर झालेल्या क्रिस गेट्झने विक्री काढली. मार्च २०२४ मध्ये, ऐन स्प्रिंग ट्रेनिंग चालू असताना, मुख्य पिचर डिलन सीस सॅन डिएगोला गेला.

सीस गेल्याने पहिल्या मॅचला पिचिंग कुणी करायचं हाच प्रश्न पडला. संधी मिळाली गॅरेट क्रोशेला. या पठ्ठ्याने तोवर मेजर लीगमध्ये एकदाही मॅचची सुरुवात केली नव्हती, मॅचच्या मधेच थोडा वेळ येऊन जायचा. सर्वात वाईट टीममध्ये त्याने १४६ इनिंगमध्ये २०९ बॅटर स्ट्राइकआउट केले आणि तो ऑल-स्टार झाला. चांगल्या टीममध्ये त्याला ही संधी त्या वर्षी मिळाली असती का, शंकाच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सने त्यालाही बोस्टन रेड सॉक्सला दिलं आणि चार तरुण खेळाडू घेतले. पुढच्या वसंतात बोस्टनने क्रोशेबरोबर १७ कोटी डॉलरचा करार केला.

म्हणून २०२५ च्या कॅम्पला येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की ही टीम हरणारी असली तरी एका सीझनमध्ये आयुष्य बदलू शकते. क्रोशेचं बदललं होतं.

ज्याला खाली पाठवताच येत नाही

ज्या आठवड्यात क्रोशे गेला, त्याच आठवड्यात ‘रूल ५ ड्राफ्ट’ झाला. एखाद्या टीमने चांगला खेळाडू वर्षानुवर्षं माइनर लीगमध्ये दाबून ठेवू नये, म्हणून हा नियम आहे. ठरावीक वर्षं झाली आणि तरीही टीमने खेळाडूला ४० च्या यादीत घेतलं नाही, तर दुसरी टीम एक लाख डॉलर भरून त्याला उचलू शकते. पण अट अशी की त्याला पुढचा अख्खा सीझन मेजर लीगच्याच यादीत ठेवायचं. ठेवायचं नसेल तर आधी इतर सगळ्या टीमला विचारायचं, कुणीच घेतलं नाही तर जुन्या टीमला अर्ध्या पैशांत परत द्यायचं.

आदल्या सीझनला सर्वात वाईट टीम असल्याने पहिली निवड व्हाइट सॉक्सची होती. त्यांनी घेतला मिलवॉकीचा पिचर शेन स्मिथ. कॉलेजमध्ये कोपराचं ऑपरेशन झालेलं, ड्राफ्टमध्ये कुणी नावही घेतलेलं नाही, तसाच न निवडता मिलवॉकीकडे आलेला चोविशीतला खेळाडू.

आता कॅम्पमधलं गणित बघा. समजा स्मिथ आणि दुसरा एखादा तरुण पिचर सारखंच खेळले. दुसऱ्याला ट्रिपल-एला पाठवता येतं आणि तीन आठवड्यांनी परत बोलावता येतं. स्मिथला पाठवलं तर तो बहुतेक कायमचा हातचा जातो. मग जागा कुणाला मिळणार, हे सांगायला जाणकार कशाला हवा?

जिंकायला निघालेल्या टीमला असा कच्चा खेळाडू वर्षभर सांभाळणं परवडत नाही, एकेक मॅच महागात पडते. १०० मॅच हरायची तयारी असलेल्या टीमला मात्र ते परवडतं. १९५४ साली पिट्सबर्गच्या अशाच तळाला गेलेल्या टीमने डॉजर्सच्या माइनर टीममधून एका पोराला या मार्गाने उचललं होतं. त्याचं नाव रॉबर्टो क्लेमेंटे, पुढे बेसबॉलमधल्या सर्वकालीन मोठ्या खेळाडूंपैकी एक.

स्मिथ मात्र नुसता नियमाच्या आधाराने टिकला असं म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल. कॅम्पमध्ये त्याने थेट मुख्य पाच पिचरमध्ये जागा मिळवली आणि जुलैमध्ये अटलांटाला झालेल्या ऑल-स्टार मॅचसाठी व्हाइट सॉक्सकडून त्याचीच निवड झाली.

‘ऑप्शन’ शिल्लक आहेत का?

रोस्टरच्या चर्चेत हा शब्द सतत येतो. ४० च्या यादीतल्या खेळाडूला साधारणपणे तीन सीझन माइनरमध्ये पाठवण्याची मुभा टीमला असते. हे तीन सीझन म्हणजे तीन ऑप्शन. ते संपले की त्याला खाली पाठवण्याआधी बाकीच्या २९ टीमला ‘कुणाला हवाय का?’ असं विचारावं लागतं.

त्यामुळे कॅम्पमध्ये एक विचित्र गोष्ट घडते. ऑप्शन संपलेला साधारण खेळाडू टीममध्ये राहतो आणि त्याच्यापेक्षा सरस खेळलेला, पण ऑप्शन शिल्लक असलेला खेळाडू बॅग भरतो. दोघांनाही कारण माहीत असतं. मॅनेजर केबिनमध्ये बोलावून ‘तू छान खेळलास, पण…’ म्हणतो, तेव्हा त्या ‘पण’च्या पुढे बहुतेक वेळा हाच नियम असतो.

नॉन-रोस्टरवाल्याची अडचण वेगळी. त्याला घ्यायचं तर ४० मध्ये जागा करावी लागते, म्हणजे कुणाचा तरी पत्ता कट करावा लागतो. अपवाद एकच. एखादा खेळाडू ६० दिवसांच्या जखमींच्या यादीत गेला की तो ४० मध्ये मोजला जात नाही.

२०२५ च्या त्या कॅम्पमध्ये नेमकं हेच झालं. ड्रू थॉर्प, प्रिलँडर बेरोआ आणि काय बुश या तीन तरुण पिचरवर टॉमी जॉन सर्जरी करायची वेळ आली. यात कोपराचा फाटलेला लिगामेंट बदलतात आणि किमान वर्षभर खेळ बंद होतो. (ही सर्जरी पहिल्यांदा ज्याच्यावर झाली, तो टॉमी जॉन स्वतः एके काळी व्हाइट सॉक्सचाच पिचर होता.) थॉर्प तर सीसच्या बदल्यात आलेला, रीबिल्डच्या मुख्य आशांपैकी एक. टीमसाठी हा मोठा धक्का होता, पण यादीच्या भाषेत जागा मोकळ्या झाल्या. निक मॅटन आणि माइक क्लेव्हिंजर हे दोघं नॉन-रोस्टर म्हणून आले आणि ओपनिंग डेच्या टीममध्ये पोहोचले. शेजारच्या लॉकरवाल्याच्या कोपराचं ऑपरेशन आणि आपल्या घरी गेलेला आनंदाचा फोन, दोन्ही एकाच आठवड्यात. अर्थात क्लेव्हिंजरचा आनंद एप्रिलपुरताच टिकला, त्याच महिन्यात त्याला वगळलं गेलं.

ब्रँडन ड्रुरीच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. २०२२ मध्ये २८ आणि २०२३ मध्ये २६ होम रन मारणारा हा खेळाडू २०२४ मध्ये पार ढेपाळला आणि व्हाइट सॉक्सच्या कॅम्पला नॉन-रोस्टर म्हणून आला. कॅम्पभर त्याची बॅट तळपली. टीममध्ये त्याची जागा नक्की समजली जात होती आणि सीझन चार-पाच दिवसांवर आला असताना त्याचा अंगठा फ्रॅक्चर झाला. ४० च्या यादीतल्या खेळाडूला निदान जखमींच्या यादीचं छत्र असतं. ड्रुरी त्या यादीत नव्हता.

मग कॅम्पमधले आकडे खोटे असतात का?

खोटे नसतात, पण त्यांच्यावर विसंबता येत नाही. पाचव्या-सहाव्या इनिंगनंतर मुख्य खेळाडू आंघोळ करून घरी जातात आणि समोर येतात माइनर लीगची पोरं. अनुभवी पिचर मॅच जिंकायला नव्हे, तर एखादा नवा चेंडू घोटवायला उतरलेला असतो, चार होम रन बसले तरी त्याला फिकीर नसते. शिवाय ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत बॉल लांब जातो. अशा मॅचमधल्या पन्नासेक चेंडूंवरून कुणाचं भविष्य ठरवणं हे नेटमधली बॅटिंग बघून वर्ल्ड कपची टीम निवडण्यासारखं आहे.

म्हणून टीम आकड्यांपेक्षा वेगळ्या गोष्टी बघतात. बॅटला बॉल किती वेगाने लागला, वाईट बॉल सोडला का, पिचरचा वेग टिकला का. शॉन बर्कचं उदाहरण घ्या. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पदार्पण करून तो जेमतेम चार मॅच खेळला होता. नवे मॅनेजर विल वेनेबल यांनी त्यालाच ओपनिंग डेची जबाबदारी दिली. २७ मार्च २०२५ ला एंजल्सविरुद्ध त्याने सहा इनिंगमध्ये एकही रन दिला नाही आणि व्हाइट सॉक्स ८-१ ने जिंकली.

थांबवून ठेवण्याचा खेळ

एक कारण मात्र कुठलीही टीम उघडपणे सांगत नाही. मेजर लीगमध्ये १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरतात आणि अशी सहा वर्षं झाली की खेळाडू मोकळा होतो, हवी ती टीम निवडतो. सीझन साधारण १८७ दिवसांचा. म्हणजे एखाद्या गुणी पोराला सुरुवातीचे दोन-तीन आठवडे खाली ठेवलं, तर टीमला तो एक वर्ष जास्त मिळतो.

याचं गाजलेलं प्रकरण शिकागोच्याच दुसऱ्या टीमचं, कब्जचं. २०१५ च्या कॅम्पमध्ये क्रिस ब्रायंटने ९ होम रन मारले, तरी त्याला खाली पाठवलं. १७ एप्रिलला बोलावलं, तेव्हा त्याचे त्या सीझनचे दिवस भरले १७१. फक्त एक दिवस कमी. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा खेळाडू तोच ठरला. त्याने तक्रार केली, निकाल २०२० मध्ये आला आणि तो हरला. ‘त्याला बचावात सुधारणा करायची होती’ हे टीमचं म्हणणं खोटं ठरवणं जवळपास अशक्य होतं. २०२२ च्या करारात यावर थोडा उतारा काढला आहे. नावाजलेल्या नवख्याला सुरुवातीपासून खेळवलं आणि तो चमकला तर टीमला ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते. तरीही मोह संपलेला नाही.

मात्र खाली पाठवलेल्या प्रत्येक पोरामागे हेच कारण असतं असं नाही. व्हाइट सॉक्सचा कोल्सन माँटगमेरी हा २०२१ चा पहिल्या फेरीतला खेळाडू. २०२५ च्या कॅम्पमध्ये शॉर्टस्टॉपची जागा त्याच्यासाठीच वाट बघत होती. पण आदल्या वर्षी ट्रिपल-एमध्ये त्याची बॅटिंग ॲव्हरेज होती ०.२१४, म्हणजे साधारण पाच प्रयत्नांत एक हिट. टीमने त्याला परत शार्लटला पाठवलं आणि ओपनिंग डेला शॉर्टस्टॉपला उभा राहिला जेकब अमाया. चाहते चिडले. हरायचंच आहे तर निदान आपल्या पोराला खेळवा, असा सूर होता. चाहत्यांचा राग समजण्यासारखा होता, पण निर्णय बरोबर होता.

कारण शार्लटला माँटगमेरी आणखी घसरला. ०.१४९ वर आला तेव्हा टीमने त्याला मॅचमधूनच बाहेर काढलं आणि एप्रिलच्या शेवटी परत ॲरिझोनाला पाठवलं. कॅम्प केव्हाच उठला होता. रिकाम्या मैदानांवर बॅटिंगचे प्रमुख रायन फुलर यांच्याबरोबर त्याने स्विंग पुन्हा बांधायला घेतला. तोवर मेजर लीगमध्ये अमायाची बॅट चालली नाही आणि क्रोशेच्या बदल्यात आलेला चेस मेड्रॉथ शॉर्टस्टॉपला खेळू लागला. त्याच सौद्यातला कॅचर काइल टील ६ जूनला आला. ४ जुलैला डेन्व्हरमध्ये माँटगमेरीचं पदार्पण झालं आणि उरलेल्या ७१ मॅचमध्ये त्याने २१ होम रन ठोकले.

कॅम्पमधून टीममध्ये आलेल्या अनुभवी मंडळींचं काय झालं? रीबिल्डमध्ये त्यांचं एक ठरलेलं काम असतं. एक वर्षाच्या करारावर यायचं, पोरांना सांभाळायचं, आणि बरं खेळलात तर जुलैच्या शेवटी दुसऱ्या टीमला विकलं जायचं. ऑस्टिन स्लेटरने ओपनिंग डेला होम रन मारला आणि जुलैअखेर तो यँकीजकडे होता.

व्हाइट सॉक्सने २०२५ चा सीझन ६० विजय आणि १०२ पराभवांवर संपवला. सलग तिसऱ्यांदा शंभरावर पराभव, पण आदल्या वर्षापेक्षा १९ मॅच जास्त जिंकल्या. स्मिथने पूर्ण सीझन मेजर लीगमध्ये काढल्याने त्याच्यावरची रूल ५ ची अट संपली. म्हणजे २०२६ पासून तो कायमचा व्हाइट सॉक्सचा, आणि इतर तरुण पिचरसारखंच त्यालाही आता ट्रिपल-एला पाठवता येतं.